भग्नावशेषांच्या शेजारी मुक्काम

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे पूर्वी प्रवासाला निघत ती बहुधा वेलांकनी मातेच्या दर्शनाला, नाहीतर जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला. आता दिवस पालटले आहेत. सांताक्रूझ, कलिना, वाकोला येथील छपरांवरून रात्रंदिवस घरघरत जाणारी विमाने आता आपल्याच मुलाबाळांना घेऊन परदेशी उतरतात. थायलंड तर हाकेच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. तरुण जोडपी तेथे जातात आणि बँकॉकपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेल्या अयुथ्था या भग्न नगरीत, एखाद्या लहानशा घरगुती अतिथिगृहात, एक-दोन रात्री काढून येतात.

अशाच एका तरुणाने आमच्या युवक-सभेत एक प्रश्न विचारला. अयुथ्थात एका पडक्या मंदिरात झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे एक पाषाणमस्तक आहे. त्याच्याजवळ छायाचित्र काढून घ्यायचे असेल तर खाली बसावे, आपले डोके त्या मस्तकाहून उंच होऊ देऊ नये, असे तेथे सांगितले जाते. तरुणाचा प्रश्न असा होता : “फादर, तिथे नित्याची पूजा होत नाही. आम्ही त्या धर्माचे नाही. मग त्या दगडापुढे खाली का बसायचे? आणि बसलो तर ते गुडघे टेकल्यासारखे होत नाही का?”

सभेत थोडा हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. उपासना थांबली म्हणजे जागेचे पावित्र्य संपते काय? आणि ते संपले असेल, किंवा ते पावित्र्य मुळात आपल्या श्रद्धेतले नसेलच, तर त्या जागेचे आपण काही देणे लागतो काय? आपल्या देशात आज पडक्या देवालयांवरून न्यायालयांत खटले चालतात, मने दुभंगतात, प्रसंगी रक्तही सांडते. तेव्हा हा विचार केवळ पर्यटकांपुरता राहत नाही.

पहिल्या प्रश्नाला ख्रिस्तसभेच्या कायद्यात उत्तर आहे. १९८३ च्या संहितेचे १२१२ वे कलम सांगते की पवित्र स्थळाचा बराचसा भाग नष्ट झाला, किंवा ते कायमचे लौकिक उपयोगाकडे वळले, की त्याचे अभिषेकाने आलेले पावित्र्य लोप पावते. म्हणजे छप्पर कोसळलेले चर्च हे कायद्याच्या दृष्टीने चर्च उरत नाही. येथवर सारे सरळ आहे. परंतु त्याच संहितेचे १२२२ वे कलम थोडे पुढे जाते. जे चर्च उपासनेसाठी वापरणे आता शक्य नाही, ते महागुरुस्वामींनी लौकिक उपयोगासाठी मोकळे करावे, मात्र तो उपयोग हीन असू नये, असे ते कलम बजावते.

या एका अटीने आम्हांला पुष्कळ विचार करायला लावले आहे. पावित्र्य जर पूर्णपणे गेले, मागे निव्वळ दगड-चुना उरला, तर त्याचा उपयोग हीन की प्रतिष्ठित याची काळजी कशाला? ज्या अर्थी कायदा ती काळजी घेतो, त्या अर्थी अभिषेक ओसरल्यावरही तेथे काहीतरी शिल्लक राहते. ते काय असते, हे आम्हांला ग्रंथांपेक्षा रेवदंड्याच्या एका वाडीत अधिक स्पष्ट दिसले.

काही वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आम्ही तिघे धर्मगुरू, एके काळचे सेमिनरीतील सहाध्यायी, रेवदंड्याला दोन दिवस राहिलो होतो. अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिका नदीच्या मुखाशी हे गाव आहे. शेजारचे चौल हे पुरातन बंदर. ग्रीक भूगोलकारांना ते सिमुल्ला या नावाने ठाऊक होते. पोर्तुगीजांनी १५२१ साली अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीच्या फौजेने त्याला वेढा घातला, तो फसला. पुढे १७४० च्या तहाने किल्ला मराठ्यांकडे गेला. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेज्वीट या चारही संघांच्या वास्तू होत्या. आज त्यांच्या भिंती, कमानी आणि लोक ज्याला सातखणी म्हणतात तो मनोरा, एवढेच माडा-पोफळींच्या बागांतून डोकावताना दिसते. नदीपलीकडे कोर्लई आहे. तेथील आपले ख्रिस्ती बांधव पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही तेथेच राहिले आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली बोली त्यांनी आजवर जपली.

अलिबागच्या किनाऱ्यावर दर चार घरांमागे एक पाटी दिसते : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. अशाच एका घरी आम्ही उतरलो होतो. पुढे ओटी, मागे वाडी, वाडीत रहाटाची विहीर, आणि विहिरीपलीकडे पुरुषभर उंचीची एक जुनी भिंत. तिच्यात अर्धी कमान शिल्लक होती. ती कोणत्या वास्तूची हे आम्हांला ओळखता आले नाही, पण घडण चर्चची होती यात शंका नव्हती. घरच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. सकाळी तांदळाची भाकरी वाढताना त्या सहज म्हणाल्या, “त्या भिंतीला गाय बांधायची नाही, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. देवाची भिंत आहे ती.”

“कोणत्या देवाची, आजी?” आमच्यापैकी एकाने विचारले.

“ते तुम्हाला ठाऊक. आम्ही आपली राखली.”

मग त्यांनी हेही सांगितले की भिंतीचे पडून विखुरलेले दगड फार पूर्वीच घराच्या जोत्यात आणि विहिरीच्या पायऱ्यांत गेले आहेत. त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हते. उभ्या भिंतीला मात्र शेणामुताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. ज्या सूक्ष्म भेदासाठी संहितेने एक कलम खर्ची घातले, तो भेद कोकणातल्या एका हिंदू घरात सासूने सुनेला सांगितलेल्या एका नियमात जसाच्या तसा होता : लौकिक उपयोग चालेल, हीन उपयोग नको. आजींना आमच्या संघांची नावे माहीत नव्हती, अभिषेकविधी माहीत नव्हता. येथे कोणीतरी, कधीतरी, मनापासून हात जोडले होते, एवढेच त्यांना माहीत होते.

आमच्या मते शिल्लक राहते ते हेच. जागेला लावलेले तेल सुकते, वेदी फुटते, परंतु त्या ठिकाणी माणसांनी केलेल्या प्रार्थना घडून गेलेल्या असतात आणि घडून गेलेले कोणालाही न-घडलेले करता येत नाही. एखाद्या आईने तेथे आजारी लेकरासाठी डोळे पुसले असतील, एखाद्या खलाशाने गलबत सुखरूप परतावे म्हणून नवस केला असेल. त्यांचा देवाविषयीचा समज आपल्यासारखाच असला पाहिजे, असे नाही. त्यांची व्याकुळता मात्र खरी होती. भग्न देवस्थानाशी आपण जो आदर दाखवतो तो दगडाला नसून त्या व्याकुळतेला असतो. मृतांना आपली बाजू मांडता येत नाही, म्हणून त्यांचे देणे अधिक काळजीने फेडावे लागते.

आता दुसरा प्रश्न. हे देणे कोणत्या वृत्तीने फेडायचे? भग्न देवस्थानापाशी माणूस तीन प्रकारे उभा राहू शकतो : मालक म्हणून, गिऱ्हाईक म्हणून, किंवा पाहुणा म्हणून. गिऱ्हाइकाला वाटते, तिकिटाचे पैसे दिले, आता येथील सर्व काही माझ्या करमणुकीसाठी आहे. तो भिंतीवर चढतो, मूर्तीच्या खांद्यावर हात टाकतो, जाताना एखादा नक्षीचा तुकडा खिशात घालतो. मालकाला वाटते, ही जागा माझ्या पूर्वजांची, सबब येथे अन्य कोणाचा मागमूस नको. पाहुण्याला एवढेच ठाऊक असते की हे घर माझे नाही. यजमान समोर असो वा नसो, तो घराची रीत पाळतो. यजमान नसताना तर अधिकच पाळतो, कारण पाहुण्याच्या सभ्यतेची खरी कसोटी तेव्हाच लागते.

भग्न मंदिराजवळच्या लहानशा घरगुती अतिथिगृहात राहण्याचे महत्त्व आम्हांला येथे जाणवते. दुपारी बसमधून उतरून अर्ध्या तासात परत बसमध्ये चढणारा माणूस गिऱ्हाईकच राहतो. परंतु जो तेथे रात्र काढतो, यजमानाच्या हातचे खातो, पहाटे त्या भिंतींवर उजाडताना पाहतो, त्याला हळूहळू कळते की या अवशेषांना शेजार आहे. येथील माणसे त्यांच्या सावलीत जन्मतात आणि वाढतात. पवित्र शास्त्रातील याकोबाची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. सूर्य मावळला म्हणून तो एका अनोळखी जागी थांबला, दगड उशाला घेऊन झोपला, आणि जागा झाल्यावर भयचकित होऊन म्हणाला की या ठिकाणी परमेश्वर होता आणि आपल्याला त्याची जाणीव नव्हती. त्याला हे कळण्यासाठी तेथे मुक्काम करावा लागला.

येथवर वाचून कोणाला वाटेल की आपली भिंत दुसऱ्याने राखली, याचे कौतुक करणे सोपे आहे. ते खरेच आहे. म्हणून आता बोरिवलीला जाऊ. माऊंट पोयसर येथील मंडपेश्वर ही सहाव्या शतकाच्या सुमारास डोंगरात कोरलेली शैव गुंफा. नटराज, लकुलीश, शिवपार्वतीचा विवाह अशी शिल्पे तेथे आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियो दो पोर्तो यांच्या काळात ही गुंफा ख्रिस्ती उपासनेसाठी घेण्यात आली आणि वरच्या खडकावर चर्च व मठ उभा राहिला. गुंफेतील एका शिल्पपटावर, मूळ आकृती छाटून, कोरलेला क्रूस आजही दिसतो. पुढे मराठ्यांचा अंमल आला. आज वरचा मठ भग्न आहे, आपले चर्च शेजारी वेगळ्या वास्तूत आहे, आणि गुंफेत शिवाची पूजा होते. महाशिवरात्रीला तेथे भाविकांची रांग लागते. पुरातत्त्व खात्याने ती वास्तू संरक्षित केली आहे.

त्या काळच्या मिशनऱ्यांपुढे परंपरेचा आधार होता. सन ६०१ मध्ये पोप संत ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस यांना कळवले होते की तेथील देवळे पाडू नयेत. मूर्ती काढून टाकाव्यात, पवित्र जल शिंपडून त्याच वास्तूंत वेद्या उभाराव्यात. पाडण्यापेक्षा हे निश्चितच सौम्य होते, आणि ग्रेगरी यांच्या मनात लोकांविषयी कळवळा होता. तरीही एक प्रश्न उरतो. जेथे सारा समाज स्वतःहून नव्या श्रद्धेकडे वळला आहे तेथे त्याने आपल्या जुन्या वास्तूचे काय करावे हे तोच ठरवील. परंतु जेथे सत्ता एका हाती आणि श्रद्धा दुसऱ्या हृदयात आहे, तेथे वास्तू घेणे म्हणजे यजमानाला त्याच्याच घरातून बाहेर काढणे होय. ख्रिस्ताचा क्रूस हा सोसणाऱ्याचा आहे. दुसऱ्याचे देवरूप छाटून कोरला की त्याचा अर्थच उलटा होतो. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने अन्य धर्मांतील जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर न करण्याची भूमिका जाहीर केली, आणि १२ मार्च २००० रोजी संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये इतर संस्कृती व धर्मांच्या बाबतीत ख्रिस्ती लोकांकडून घडलेल्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. मंडपेश्वराच्या त्या शिल्पपटापुढे आपल्या मुलांना न्यावे आणि हे सारे, काही न लपवता, सांगावे असे आम्हांला वाटते.

याची दुसरी बाजूही आहे. मे १७३९ मध्ये वसई चिमाजी अप्पांच्या हाती पडली. वसई प्रांतातील चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या, त्या आज महाराष्ट्रातील देवळांत टांगलेल्या आहेत. नाशिकची नारोशंकराची घंटा सर्वांना ठाऊक आहे. भीमाशंकर आणि वाईजवळचे मेणवली येथेही अशा घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया आहे. आपल्यातील काहींना या घंटा पाहून हळहळ वाटते, आणि ती स्वाभाविक आहे. पण या घंटा तेथे बंदिवान आहेत की पाहुण्या? तीन शतके होत आली, त्या देवाच्याच दारात वाजत आहेत. कोणी त्या वितळवून नाणी पाडली नाहीत. परत मागण्याचा हक्क कागदोपत्री सिद्ध करता येईलही. मग मंडपेश्वराच्या छाटलेल्या शिल्पाचा हिशेब आपण कोणत्या नाण्यात चुकवणार?

‘आधी कोणाचे?’ या प्रश्नाला तळ नाही. एक थर खणला की खाली दुसरा लागतो, आणि प्रत्येक थरात कोणाची तरी अस्थी सापडते. जिवंत समाजाची चालू उपासना कोणी हिरावून घेत असेल, तर तो न्यायाचा प्रश्न आहे आणि तेथे पाहुणचाराची भाषा बोलणे हा ढोंगीपणा ठरेल. परंतु शतकांपूर्वीच्या राखेवर आजच्या माणसांनी एकमेकांचे गळे धरावेत, यात कोणत्याही देवाचा गौरव नाही. लेवीय ग्रंथात परमेश्वर आपल्या प्रजेला जमिनीविषयी जे बजावतो ते येथे स्मरावे : भूमी माझी आहे, तुम्ही तिच्यावर माझ्याजवळ राहणारे उपरे आहात, अशा अर्थाची ती आज्ञा आहे. वतनाची वचनचिठ्ठी ज्यांच्या हाती होती, त्यांनाही देवाने पाहुणेच म्हटले.

पाहुणेपणाचा एक सुंदर दाखला आपल्या उपनगरांतच आहे. बोरिवलीच्या अरण्यातील कान्हेरी लेणी म्हणजे शंभराहून अधिक गुंफांचे बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान. वर्षावासात राहण्यासाठी कोरलेल्या खोल्या, दगडी ओटे, पाण्याची टाकी, सारे तेथे आहे. कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तेथील भिंतींवर आहेत. रेवदंड्याशेजारच्या चौलचाही ‘चेमुल’ या नावाने उल्लेख आहे. त्याच लेण्यांत पहलवी लिपीतील काही लेख आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये तेथे येऊन गेलेल्या जरथुष्ट्री प्रवाशांनी आपली व आपल्या वडिलांची नावे आणि आल्याची तिथी तेथे नोंदवली. अग्नीचे उपासक बुद्धाच्या घरी आले, कोण आलो ते सांगितले आणि निघून गेले. कोणी विचारील, भिंतीवर नाव कोरणारा आजचा उनाड पोरगा आणि ते प्रवासी यांत फरक काय? त्या लेखांनी कोणत्याही मूर्तीचा चेहरा बिघडवला नाही, आणि जेथे लेख कोरण्याचीच रीत होती तेथे त्यांनी ती रीत पाळली. आज रीत न कोरण्याची आहे, म्हणून आजच्या पाहुण्याने कोरू नये.

आता त्या तरुणाच्या शंकेचा जो भाग श्रद्धेशी निगडित आहे त्याकडे वळू. अशा पाहुणेपणाने आपला विश्वास पातळ होतो काय? सर्व धर्म सारखेच, असे म्हणणे होते काय? आम्हांला तसे वाटत नाही. पाहुणा स्वतःचे घर विसरलेला नसतो. ज्याला स्वतःचे घर नाही तो पाहुणा नव्हे, भटक्या होय. संत पौल अथेन्समध्ये देवळांच्या गर्दीतून हिंडला. त्याचा आत्मा अस्वस्थ झाला, परंतु त्याने कोणतीही मूर्ती ढकलली नाही. त्यांची पूजास्थाने नीट निरखून पाहिली आणि एका अज्ञात देवाच्या वेदीपासून आपल्या भाषणाला आरंभ केला. राजांच्या दुसऱ्या ग्रंथातील नामानाची कथा तर याच शंकेला उत्तर देते. कुष्ठातून बरा झालेला हा सरदार इस्राएलच्या देवाचा उपासक झाला. पण त्याचा धनी त्याच्या हातावर भार देऊन रिम्मोनाच्या देवळात नमन करी, तेव्हा त्यालाही वाकावे लागे. याची क्षमा असावी, असे तो अलीशा संदेष्ट्याला म्हणाला. संदेष्ट्याने त्याला शांतीने जाण्यास सांगितले. शरीर वाकण्याचे कारण देव जाणतो. उपासना हृदयाच्या समर्पणाने होते, आणि ते समर्पण आपण एकालाच केले आहे. दुसऱ्याच्या पूज्य स्थळी खाली बसणे हे शेजारधर्माचे पालन आहे. त्याने पहिली आज्ञा मोडत नाही आणि दुसऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा पाळली जाते.

अयुथ्थाचीच आणखी एक गोष्ट त्या तरुणाला सांगावी लागली, कारण ती त्याच्या सहलीच्या कार्यक्रमात नव्हती. सयामची ही राजधानी १७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळली आणि बुद्धाच्या असंख्य मूर्ती मस्तकहीन झाल्या. १९९१ साली ती जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. तिच्या नदीकाठी पोर्तुगीजांचीही वसाहत होती. तेथील डॉमिनिकन चर्चचा पाया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्खननात उघडा झाला आणि त्याच्या दफनभूमीतील ख्रिस्ती सांगाडे सापडले. थायलंडच्या सरकारी खात्याने त्यांवर छप्पर घालून ते जतन केले आहेत. ज्या नगरीत आपला तरुण बुद्धाच्या मस्तकापुढे खाली बसावे की नाही या विचारात पडला, तिनेच आपल्या धर्मबांधवांच्या अस्थींवर छत्र धरले आहे.

आणि यासाठी थायलंडपर्यंत जावे लागतेच असे नाही. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मधोमध, संत योहान बाप्तिस्ता यांचे चर्च भग्नावस्थेत उभे आहे. जेज्वीटांनी ते १५७९ साली बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने वस्ती उठली आणि धर्मग्राम मरोळला हलला. १९७३ साली त्या परिसरात सीप्झ झाले. या नावातले पहिले अक्षर सांताक्रूझचे आहे, आणि सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. आपल्या उपनगराचे नाव धारण करणाऱ्या कुंपणाच्या आत आपल्या पूर्वजांचे चर्च आहे, आणि तेथे जाण्यास आपल्याला परवानगी लागते. मे महिन्यात एक दिवस तेथे मिस्सा साजरा करण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी ईस्ट इंडियन वृद्धा लुगडी नेसून, नातवंडांचे हात धरून त्या बिनछपरी भिंतींत उभ्या राहतात. आपल्याच वाडवडिलांच्या घरी आपण एका दिवसाचे पाहुणे असतो.

वर्षातील उरलेले दिवस त्या भिंतींवरून हजारो कामगारांची नजर जाते. ते बहुतेक आपल्या धर्माचे नाहीत. त्यांनी त्या भिंतींशी कसे वागावे असे आपल्याला वाटते? त्यांनी आपला विश्वास स्वीकारावा तेव्हाच त्या भिंतींचा मान राखावा, अशी आपली अपेक्षा नसते. त्यांनी तेथे थुंकू नये, कचरा टाकू नये, जाता-येता आवाज थोडा खाली आणावा, एवढेच आपण इच्छितो. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण लोकांशी वागावे, हा प्रभू येशूचा नियम येथे तंतोतंत लागू पडतो.

तेव्हा वाचकहो, यापुढे प्रवासाला निघाल तेव्हा मुलांना काही साध्या गोष्टी शिकवून ठेवा. पडक्या देवळात शिरताना पादत्राणांविषयी तेथील रीत विचारावी. मूर्तीला टेकून छायाचित्रे घेऊ नयेत. खडासुद्धा खिशात घालू नये. ज्या घरगुती अतिथिगृहात उतराल तेथे पैशासाठी फार घासाघीस करू नये, आणि निघण्यापूर्वी यजमानाला त्या अवशेषांविषयी दोन प्रश्न विचारावेत. कारण इतिहासाच्या पुस्तकात जे नसते ते बहुधा त्याला ठाऊक असते. घरी परतल्यावर कलिना-वाकोल्याच्या गल्लीतील जुन्या क्रूसाला, जो कदाचित १८९६ च्या प्लेगमध्ये कोणा भयभीत कुटुंबाने उभारला असेल आणि ज्याला आज एखादी हिंदू शेजारीण जाता-येता फूल वाहते, एकदा आपणही पाणी घालून स्वच्छ करावे.

जेरुसलेमच्या मंदिराचे भव्य चिरे शिष्यांनी कौतुकाने दाखवले, तेव्हा प्रभूने सांगितले की येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. हे वचन जगातील कोणत्याही वास्तूला चुकलेले नाही, आणि ज्या चर्चमध्ये आपण दर रविवारी मिस्साला जातो त्यालाही ते चुकणार नाही. कधीतरी आपल्या वेदीवर ऊन पडेल, आणि तिच्या शेजारी आपला विश्वास न जाणणारी माणसे घरे बांधून राहतील. त्या दिवसासाठी आपण भिंती मजबूत करू शकतो, पण कायमच्या करू शकत नाही. आपल्या हाती एवढेच आहे की आज दुसऱ्यांच्या भिंती राखाव्यात आणि राखण्याची ती रीत जगात चालू ठेवावी.